जिजींचा प्रश्न: वंश म्हणजे नक्की काय?

मे महिना लागला की आमच्या चोपड्याच्या गल्लीत उडदाचे पापड सुरू होतात. ज्या घरी पापड असतील त्या घरी सकाळी सहाच्या आत दहा-बारा जणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन जमतात, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. आज माझ्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे, परवा कोपऱ्यावरच्या घरी, असे महिनाभर चालते आणि कोणी कोणाला मजुरी देत नाही. या वर्षी आमच्याकडे पापड होते त्याच्या आदल्या रात्री माझ्या बहिणीचा फोन आला होता. अमेरिकेत अटलांटा शहरात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने तिथल्याच एका कृष्णवर्णीय मुलीशी लग्न ठरवले होते. सकाळपर्यंत ही बातमी गल्लीला ठाऊक झाली होती. ती कोणी सांगितली, हे विचारण्यात अर्थ नाही.

गल्लीत सगळे ज्यांना जिजी म्हणतात त्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. आता त्यांच्याने लाटणे होत नाही, पण पिठाचा लांब वळा करून दोऱ्याने एकसारख्या लाट्या कापण्याचे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. दोरा ओढता ओढता, मान वर न करता त्यांनी मला विचारले, "तिना वंश येगळा शे ना वं माय, पोरे कसा व्हतीन?"

मी बत्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे. तरीही त्या दिवशी मी दिलेले उत्तर अर्धवट आणि थोडे उर्मट होते. ते नीट द्यावे, म्हणून हा लेख.

पहिली अडचण शब्दातच आहे. मराठीत वंश म्हणजे कुळाची परंपरा. वंशावळ आणि वंशाचा दिवा हे शब्द त्यातूनच आले. संस्कृतात वंश म्हणजे वेळू, एका पेरातून दुसरे पेर फुटत वर जाणारा. या अर्थाने वंश ही खरी गोष्ट आहे, कारण प्रत्येकाला आई-बाप असतात आणि त्यांनाही त्यांचे आई-बाप असतात. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातून एक वेगळीच कल्पना आली. जगातली सगळी माणसे गोरी, काळी, पिवळी अशा मोजक्या जातकुळींत विभागलेली आहेत आणि रंगाबरोबर त्यांची बुद्धी आणि स्वभावही ठरलेले आहेत, असे ती सांगत होती. या कल्पनेलाही आपण वंश हाच शब्द लावला. त्यामुळे जिजींच्या प्रश्नात एका शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते. त्यांना काळजी कुळाची होती आणि भीती दुसऱ्या अर्थाच्या वंशाची.

ही दुसरी कल्पना आपल्याकडे मोजपट्टीसह आली. 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील लोकांची नाके मोजण्याचा सपाटा लावला होता. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, असा त्यांचा निर्देशांक होता आणि समाजातील मान नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा त्यांचा दावा होता. म्हणजे नाक जितके रुंद तितकी जात खालची. याच हिशेबाने त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी यांना एकत्रच 'शक-द्राविड' नावाच्या कप्प्यात टाकले. आपल्या खानदेशात एकाच वाड्यातल्या सख्ख्या भावांची नाके एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

भाषेवरून वंश ठरवण्याचा मोह त्याहून जुना आहे. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते उघड झाल्यावर 'आर्य' हा शब्द रक्ताला चिकटवला गेला. त्या शब्दाच्या प्रसाराला ज्यांचे लेखन बरेच कारणीभूत होते त्या संस्कृतपंडित मॅक्स म्युलर यांनीच 1888मध्ये बजावले, की आर्य रक्त आणि आर्य केस म्हणणे हे लांब कवटीचा शब्दकोश म्हणण्याइतकेच चुकीचे आहे. आमच्या खानदेशी बोलीचे, अहिराणीचेच पाहा. ती कित्येक जातींच्या आणि धर्मांच्या घरांत बोलली जाते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने 1907मध्ये खानदेशी आणि भिल्ली या भाषांना एकाच खंडात बसवले. म्हणून अहिराणी बोलणारे सारे एका रक्ताचे झाले नाहीत, आणि यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याला राहणारे तडवी भिल्ल इस्लाम मानतात म्हणून शेजारच्या पाड्यावरच्या भिल्लांहून वेगळ्या रक्ताचे झाले नाहीत.

या सगळ्या मोजमापाच्या इतिहासात एक मराठी बाई उभी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या शाळांत पुरेसे सांगितले जात नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला गेल्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते आणि त्यांचे विचार पुढे नाझींच्या कामी आले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हा इरावतीबाईंचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे आपल्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध लिहून दिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, 1960च्या दशकात, त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची शारीरिक तुलना केली. एकाच नावाखाली आणि एकाच पायरीवर मानलेले हे गट शरीराने मात्र एकसारखे नव्हते.

मग आधुनिक जनुकशास्त्र काय म्हणते? कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के सारखा असतो. जो थोडा फरक उरतो त्याची विभागणी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972मध्ये मांडली. त्यांच्या हिशेबाने त्या फरकातील सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत, म्हणजे एका गावातल्या दोन माणसांत सापडतो, आणि ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यातला फरक जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास भरतो. पुढच्या अभ्यासांनी आकडे थोडे हलवले, पण चित्र तेच राहिले.

इथे चलाख विद्यार्थी हात वर करतो: मग थुंकीचा नमुना पाठवला की कंपन्या पूर्वज आफ्रिकेचे की आशियाचे, हे कसे सांगतात? प्रश्न रास्त आहे. बऱ्हाणपूरहून निघून तापीच्या काठाकाठाने सुरतेपर्यंत चालत जाणाऱ्या माणसाची आठवण करावी. रावेरकडे त्याला लेवा बोली ऐकू येईल, अमळनेर-शिंदखेड्याकडे अहिराणी, नंदुरबारच्या पुढे अहिराणीत गुजराती मिसळत जाईल आणि शेवटी निव्वळ गुजराती. बोलणे ऐकून माणूस साधारण कुठला, हे आपण ओळखतो, पण इथे एक बोली संपली आणि दुसरी सुरू झाली, असा दगड कुठल्याही शिवारात रोवता येत नाही. माणसांच्या जनुकांचे तसेच आहे. पूर्वजांचा प्रदेश ओळखता येतो. जगाचे चार किंवा पाच कप्पे पाडणाऱ्या रेषा मात्र आपण ओढलेल्या असतात.

त्या रेषा किती मानवी आहेत, हे माझ्या भाच्याच्याच उदाहरणावरून दिसते. तो 1930च्या अमेरिकेत असता तर तिथल्या जनगणनेत त्याचा वंश 'हिंदू' असा लिहिला गेला असता, मग तो शीख असो की मुसलमान. 1970मध्ये त्याला 'गोरा' लिहिले असते आणि 1980मध्ये 'आशियाई भारतीय'. 1923मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी गृहस्थांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वासाठी युक्तिवाद केला, की मी आर्य आहे, शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत कॉकेशियन आहे, तेव्हा मी गोराच. न्यायालयाने शास्त्रज्ञ बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा निकाल दिला. पन्नास वर्षांत ज्याचा वंश दोनदा बदलतो त्याच्या रक्तात काही बदललेले नसते. बदललेला असतो तो छापील तक्ता.

रंगाचा मुद्दा घराघरांत सर्वांत नाजूक असतो, कारण आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात अजूनही गोरा, निमगोरा, गव्हाळ असे वर्ण लिहिले जातात. 'सावळा' लिहिण्याची वेळ आली की तो रकानाच गाळला जातो. कातडीचा रंग हा उन्हाशी झालेला सौदा आहे. विषुववृत्ताजवळच्या प्रखर उन्हात गडद कातडी शरीरातील फोलेट हे जीवनसत्त्व जपते, आणि कमी उन्हाच्या देशांत फिकट कातडी ड जीवनसत्त्व बनवायला मदत करते. म्हणून रंगावरून नाते कळत नाही. पापुआ न्यू गिनीचे लोक आफ्रिकी माणसांसारखे काळे असतात, पण जनुकांच्या हिशेबाने आफ्रिकेतील लोकांपासून ते खूप दूरचे आहेत.

आता जिजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: पोरे कशी होतील? याचे खरे वैद्यकीय उत्तर वंशात नाही, रक्ततपासणीत आहे, आणि खानदेशाला हा विषय इतरांपेक्षा जास्त जवळचा आहे. सिकलसेल या आजारात रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडणाऱ्या वेदना देतात. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा अशा आदिवासी कुटुंबांत तो बराच आढळतो. अमेरिकेत तो काळ्या लोकांचा आजार मानला जातो. तिथे कृष्णवर्णीय घरांत जन्मणाऱ्या साधारण 13 बाळांपैकी एक या जनुकाचे वाहक असते. मग भिल्ल आणि आफ्रिकी एका वंशाचे का? अजिबात नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलातून हा आजार होतो, आणि तो बदल आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस आजारी पडत नाही, उलट मलेरियापासून त्याचे बऱ्याच प्रमाणात रक्षण होते. अँथनी ॲलिसन यांनी हे 1954मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. जिथे शेकडो पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले: आफ्रिकेत, अरबस्तानात, सातपुड्यात आणि ग्रीसच्या काही गावांतही. दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोक काळे असूनही त्यांच्यात ते क्वचित आढळते. हे जनुक डासाच्या मागोमाग गेले आहे, रंगाच्या मागोमाग नाही.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच वाहक असेल तर बाळ आजारी होत नाही. मात्र तो दुसरा थॅलेसेमिया या रक्ताच्या आणखी एका आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तरीही धोका उरतो, म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे आणि त्यात तपासणीनंतर कार्ड मिळते. माझे स्पष्ट मत आहे, की आपल्या भागात लग्नाआधी कुंडलीबरोबर हे कार्डही मांडीवर यावे, मग सोयरीक गल्लीतली असो की अटलांटाची. भाच्याने आणि त्याच्या होणाऱ्या पत्नीने दोघांनीही तपासणी केली आहे. निकाल मी इथे लिहिणार नाही, तो त्यांचा प्रश्न आहे.

'आपले रक्त शुद्ध आहे' हा समजही इथे उघडून पाहिला पाहिजे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी 2009मध्ये भारतातील 25 लोकसमूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भिल्लही होते. मुख्य भूमीवरील जवळजवळ सगळ्या समूहांत दोन प्राचीन लोकधारांचे मिश्रण निघाले, फक्त प्रमाण कमी-जास्त. 2013च्या पुढील अभ्यासानुसार हे मिश्रण साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी होत राहिले, आणि मग आपापल्यातच लग्ने करण्याची रीत घट्ट झाली. याचा अर्थ, भिंत उभी राहिली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना मिसळलेलीच माणसे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे जनुकशास्त्राच्या कितीतरी आधी, 1936मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि देता न आलेल्या भाषणात सांगितले होते: जात ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदात म्हणूनच धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे शब्द वेगवेगळे लिहिले आहेत. जात आणि वंश एक नाहीत, पण दोहोंमुळे होणारा अपमान सारखाच असतो.

इथवर शास्त्र झाले. घरात मात्र ते चालले नाही. माझे मेहुणे पंधरा दिवस मुलाशी बोलले नाहीत, आणि मी त्यांना 99.9 टक्क्यांचे व्याख्यान दिले तेव्हा ते म्हणाले, "ताई, टक्केवारी राहू द्या बाजूला." ते रागावले होते, पण त्यांचे चुकले नव्हते. बहिणीशी सावकाश बोलल्यावर लक्षात आले, की तिच्या मनात वंश फारसा नव्हताच. आजारपणात जवळ कोण असेल, सुनेशी कोणत्या भाषेत बोलायचे, नातवंडांना आमची खानदेशातली देवी कानबाई माहीत असेल का, भाऊबंद काय म्हणतील, अशा चार वेगळ्या काळज्या वंश या एका शब्दाखाली दडल्या होत्या. त्या सुट्या केल्यावर प्रत्येकीवर काहीतरी बोलता आले. भाऊबंदांच्या मुद्द्यावर नाही, हेही सांगून टाकते.

मेहुण्यांचे मन वळले ते एका व्हिडिओ कॉलवर. त्यांच्याकडे भाटाच्या वहीतून उतरवून घेतलेली अकरा पिढ्यांची वंशावळ आहे आणि आल्यागेल्याला ती दाखवणे हा त्यांचा छंद आहे. त्यांनी ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि मुलीच्या आजोबांना त्यांच्या घराण्याबद्दल विचारले. आजोबांनीही एक जाडजूड वही आणली. त्यांचे भाऊबंद दर उन्हाळ्यात एका गावी जमतात, सगळ्यांचे एका रंगाचे सदरे असतात, जेवणे होतात आणि त्या वेळी वहीत नवी नावे चढतात. पण मागे जाताना ती वही 1870ला थांबते. त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांच्या पूर्वजांची नावे पहिल्यांदा लिहिली गेली. त्याआधी, 1850 आणि 1860मध्ये, गुलामांच्या तक्त्यात मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग लिहीत. मेहुण्यांनी आपली वही हळूच मिटली आणि मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोन करून लग्नाची तारीख विचारली.

समान मूल्ये म्हणतात ती मला तिथे दिसली. मूल्ये रक्तातून उतरत नाहीत, ती सवयीतून येतात: पूर्वजांची नावे लिहून ठेवणे, वर्षातून एकदा जमणे, पहिल्या तोडणीची वांगी शेजाऱ्याकडे वानोळा म्हणून पाठवणे, मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटू न देता डबे पोचवणे. एकसारखे वागायलाच हवे, असेही त्यातून निघत नाही. कानबाईच्या प्रसादाचे रोट अनेक घरांत फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. आमचे शेजारी त्या दिवशी आमच्याकडे रोट मागत नाहीत आणि त्यांना राग येत नाही, कारण रात्रीच्या गाण्यांना आणि विसर्जनाला सारी गल्ली असते. ज्या मर्यादेने कोणाचा पाणउतारा होत नाही ती खुशाल पाळावी. ज्या मर्यादेमुळे एखाद्याचा कप वेगळा ठेवला जातो, भाड्याने घर मिळत नाही, किंवा ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलीला रस्त्यात 'चिनी' म्हणून हाक मारली जाते, तिला परंपरा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. घरातल्या मोठ्यांशी यावर बोलताना चारचौघांत त्यांची चूक काढू नये, हे मी मेहुण्यांकडून शिकले. एकटे असताना आणि प्रश्न विचारूनच बोलावे.

यातला शास्त्राचा भाग मी जिजींना दुसऱ्याच दिवशी, समोरच्या काकूंच्या घरी पापड लाटताना सांगितला होता. त्यांनी मधे एकदाही अडवले नाही. अमेरिकेतही 1967पर्यंत 16 राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, हे सांगितले तेव्हा मात्र त्यांचा दोरा थांबला. "मंग आते तठे चालस?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. त्यांनी दोरा पुन्हा तेलात बुडवला, वळ्याखाली घातला आणि म्हणाल्या, "अमेरिकानी चालस, तं पलीकडनी गल्लीमानी पोर का बरं चालत नही?"

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाचे पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीशी जमले होते. जात वेगळी होती. काकूंनी ते मोडले, आणि त्या वेळी समजूत घालायला गेलेल्या आम्ही सगळ्या काकूंच्या बाजूने बोललो होतो, मीही. अकरा लाटणी क्षणभर थांबली. मग काकू उठल्या, लाटून झालेल्या पापडांचे सूप उचलले आणि गच्चीवर गेल्या.